खोबळा हातात घालूनच घ्यावा

दांडपट्ट्याचं पातं वर्षानुवर्षं टिकतं. आधी जातो तो खोबळा, म्हणजे हातावर चढणारं पत्र्याचं कवच. घामाने पत्रा आतून गंजतो, कोपराकडची पट्टी सैल होते आणि पात्याच्या बुडाशी रिव्हेट हलू लागतात. पन्हाळ्यावर मर्दानी खेळांचा सराव करणाऱ्या आमच्या पोरांच्या एका पट्ट्याचं यंदा असंच झालं. पातं ठणठणीत होतं, खोबळा मात्र कामातून गेला होता. नवा निवडायला वस्तादांबरोबर मी कोल्हापुरात लोहाराकडे गेलो आणि या एका वस्तूत किती बघण्यासारखं असतं, ते तिथे कळलं.

तलवार मनगटावर फिरते, पट्ट्याचं तसं नाही. खोबळ्याच्या आत एक आडवी मूठ असते. ती धरली की मनगट जागच्या जागी बांधलं जातं आणि लांब, लवचिक, दुधारी पातं थेट हाताच्या रेषेत पुढे येतं. मग वार निघतो तो खांद्यातून आणि कमरेतून. खोबळा हाताला राखतो हे खरंच, पण अंगाची ताकद पात्यापर्यंत पोचवणारा सांधाही तोच आहे. या सांध्यात थोडी जरी ढिलाई असली, तरी टोकाशी तिची वीतभर चूक होते.

लोहाराने तीन खोबळे समोर मांडले. पहिला पितळी, त्यावर सिंहाचं तोंड उठवलेलं. जुन्या पट्ट्यांवर अशी प्राण्यांची तोंडं आढळतात, त्यामुळे माझा हात आधी तिकडेच गेला. वस्ताद म्हणाले, ‘‘नक्षी मागनं बघ. आदी आत बोटं फिरीव.’’ आतून बोट फिरवलं, तर ठोकून उठवलेल्या नक्षीच्या कडा तशाच राहिलेल्या. अस्तर घातलं तरी महिन्याभरात ते फाटून त्या कडा पोरांच्या हाताला लागल्या असत्या.

दुसरा हलका होता, पण पत्रा पातळ. वस्तादांनी अंगठ्याने दाबला तसा तो दबला. असा खोबळा लाठीच्या एका फटक्यात पिचेल आणि आतली बोटं अडकतील.

तिसरा साधा, काळा, जाड पत्र्याचा. तो वस्तादांनी पट्टा खेळणाऱ्या पोराच्याच हातात घालायला लावला. मूठ आवळल्यावर बोटांची पेरं पुढच्या पत्र्याला टेकतात का, हे पहिलं बघितलं. टेकत असतील तर प्रत्येक वाराला पेरं सोलवटणार. मग कोपर पुरतं दुमडायला लावलं. खोबळ्याची कड कोपराच्या आतल्या बाजूला रुतली, तर फिरकी घेताना हात अडतो. इथे कड चार बोटं अलीकडे थांबत होती. मागची पट्टी आवळली आणि पोराला बोटं हलवायला सांगितलं. पट्टी ढिली असली की पातं हाताच्या मागून येतं, फार घट्ट असली की हाताला मुंग्या येतात. आतली मूठ मात्र त्याच्या पंजाला बारीक पडत होती. वस्ताद म्हणाले, ‘‘त्येचं काय न्हाई, सुती पट्टी गुंडाळून भरता येती. पत्रा न्हाई वाढवता येत.’’ बारीक मूठ जाड करता येते, पण अपुरा खोबळा लांब होत नाही. निवड तिथेच ठरली.

जोडणीत खरी काळजी लागते. खोबळ्याच्या तोंडाला दोन पोलादी जिभा असतात, त्या पात्याला दोन्ही बाजूंनी कवळतात. लोहाराने आधी रिव्हेट मारले नाहीत, नट-बोल्टवर पातं बसवलं. वस्तादांनी कोपराच्या बाजूने एक डोळा मिटून टोकापर्यंत नजर लावली. टोक किंचित डावीकडे जात होतं, म्हणून जिभेखाली पत्र्याची बारीक चकती सरकवली. मग पट्टा फिरवून कान दिला. बुडाशी खटखट ऐकू आली असती, तर पुन्हा खोलावं लागलं असतं. आवाज आला नाही, तेव्हाच रिव्हेट ठोकले. खोबळा जाड असल्याने तोल थोडा हाताकडे सरकला आणि टोक हलकं वाटू लागलं. लिंबू कापायच्या खेळाच्या सरावाला हे सोयीचंच, कारण तिथे जोरापेक्षा वेळेवर थांबण्याला मोल आहे. सरावाच्या या पात्याला धार नाही. धारेचा पट्टा वस्ताद स्वतःजवळच ठेवतात.

या पट्ट्याला आता मानही मिळाला आहे: 2024 साली दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला. 2025 च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांत पन्हाळाही आहे. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा सोसलेल्या या गडाचा मान वाढला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण किल्ल्याचा दगड राखायला पुरातत्त्व खातं आहे, पट्टा राखणारं तसं कुणी नाही. तो राखतात वस्ताद, पोरं आणि त्यांच्या हाताच्या मापाने पत्रा ठोकणारा लोहार. शोभेचा पट्टा भिंतीला टांगायला कुणीही घेईल. खेळायचा पट्टा करणाऱ्याकडे मात्र वर्षातून चार कामं तरी गेली पाहिजेत. म्हणून मर्दानी खेळ शिकवणाऱ्या प्रत्येक मंडळाला माझं सांगणं आहे: तयार माल घाऊक मागवू नका. पोराला घेऊन लोहाराकडे जा, खोबळा त्याच्या हातात घाला, कोपर दुमडून बघा आणि कामाचे पुरे पैसे द्या.