एका टक्क्याचं शहर

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बहुतेक दुकानांत १०० डॉलरची खरेदी केली की वर ८ डॉलर ६२ सेंटच्या आसपास विक्रीकर लागतो. त्यातले साडेचार डॉलर राज्याच्या तिजोरीत जातात, बाकीचे मुख्यतः महापालिकेकडे. महापालिकेच्या वाट्यातल्या एका डॉलरला मात्र मुदत असते. ती संपत आली की हा कर पुढे चालवायचा की नाही, हे मतदार ठरवतात.

या कराचं मूळ एका अपयशात आहे. १९९१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सचं विमानदुरुस्ती केंद्र मिळावं म्हणून शहराने सवलतींची खैरात केली, तरी कंपनीने इंडियानापोलिस निवडलं. या गावात राहायला आपली माणसं राजी होणार नाहीत, असं कंपनीला वाटल्याचं महापौर रॉन नॉरिक यांच्या कानावर आलं. कारखान्यांमागे धावण्याऐवजी आधी गाव राहण्याजोगं करायचं त्यांनी मनावर घेतलं.

डिसेंबर १९९३ मध्ये ५४ टक्के मतांनी ‘मॅप्स’ योजना मंजूर झाली. पाच वर्षं एक टक्का कर आणि त्यातून नऊ कामं: बेसबॉलचं मैदान, कालवा, वाचनालय, नदीवर बंधारे वगैरे. कर्ज काढायचं नाही, जमेल तसं बांधायचं. सगळी कामं एकाच मतपत्रिकेवर असल्याने वाचनालय हवं असणाऱ्याला मैदानालाही ‘हो’ म्हणावं लागलं.

पुढे खर्च फुगला. १९९८ च्या अखेरीस पालिकेने सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली. तोवर नवं मैदान सुरू झालेलं लोकांनी पाहिलं होतं. त्यांनी ती दिली. ज्या नदीच्या कोरड्या पात्रातलं गवत पालिकेला कापावं लागे, तिथे आज नौकानयन चालतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधली कनू स्लालम स्पर्धाही इथल्याच कृत्रिम प्रवाहात व्हायची आहे.

२००१ मध्ये शाळांसाठी, २००८ मध्ये बास्केटबॉलच्या स्टेडियमसाठी, २००९ मध्ये उद्यान आणि ट्रामसाठी, २०१७ मध्ये रस्त्यांसाठी असा कौल मिळत गेला. २०१९ च्या ‘मॅप्स ४’ला सुमारे ७२ टक्के मतं पडली, त्यात मानसिक आरोग्य आणि बेघरांसाठीच्या सोयीही होत्या. प्रचाराचा मुद्दा बहुधा एकच: कराचा दर वाढणार नाही, आहे तोच चालू राहील.

खटकणारी बाजूही आहे. विक्रीकर गरीब-श्रीमंत पाहत नाही. राज्याने २०२४ मध्ये किराण्यावरचा आपला कर काढला, शहराचा मात्र कायम आहे. २०२३ मध्ये बास्केटबॉलच्या नव्या स्टेडियमला किमान ९० कोटी डॉलर मंजूर झाले, त्यात संघमालकांचा वाटा जेमतेम ५ कोटींचा. त्यासाठीची सहा वर्षांची वसुली ‘मॅप्स ४’ संपताच, २०२८ मध्ये सुरू होईल. म्हणजे २००२ पासून सुरू असलेला हा ‘तात्पुरता’ कर २०३४ पर्यंत एक दिवसही थांबलेला नसेल.