वितळतार आणि मनुष्यदेह

घरात वीज आली म्हणजे तिच्याबरोबर वितळतार, अर्थात फ्यूजही येतो. फ्यूज बसविला आहे, तेव्हा आता विजेचे भय नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत घातक होय. फ्यूज घरातील तारांचे रक्षण करतो; माणसाचे रक्षण करणे हे त्याचे काम नव्हे. हा भेद शिक्षकांनी वरच्या इयत्तांतील मुलांना हिशेब मांडून पटवून द्यावा.

भारतातील घरांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या, भिजलेल्या माणसाच्या देहाचा रोध सुमारे १,००० ओहम धरला, तर वीजवाहक तारेला हात लागताच त्याच्या देहातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. तारेचा ६० वॅटचा जुना दिवाही जवळजवळ तेवढाच प्रवाह घेत असे. ५ अँपिअरच्या फ्यूजला दिवा कोणता व माणूस कोणता हे कळत नाही. तो वितळत नाही. हल्ली फ्यूजच्या जागी असणाऱ्या एम.सी.बी.चेही तसेच. इकडे १० ते १५ मिलिअँपिअर प्रवाहानेच हाताचे स्नायू आखडतात व धरलेली तार सोडवत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह क्षणभर छातीतून गेला, तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

म्हणून माणसाच्या रक्षणार्थ दोन निराळ्या योजना कराव्या लागतात. पहिली भूसंपर्काची, म्हणजे अर्थिंगची. इस्त्री, पंप वा फ्रिज यांच्या धातूच्या अंगास हिरवी तार जोडून ती जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत नेतात. आतील तार सुटून धातूला लागली, तर विजेला या तारेतून सोपी वाट मिळते, मोठा प्रवाह वाहतो व फ्यूज वितळतो. तीन खिळ्यांच्या प्लगातील जाड व लांब खिळा याच तारेचा असतो. तो सर्वांआधी जोडला जातो व सर्वांमागून सुटतो. तो कापून टाकणे म्हणजे ही वाट बंद करणे होय. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली, की ही वाट बिकट होते. याकरिता भूसंपर्काच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

दुसरी योजना आर.सी.सी.बी. या उपकरणाची. घरात गेलेला व परत आलेला प्रवाह ते सतत ताडून पाहते. दोहोंत ३० मिलिअँपिअरची तफावत पडली, म्हणजे वीज कोठेतरी जमिनीत झिरपत आहे असे जाणून ते निमिषार्धात पुरवठा तोडते. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र दोन्ही तारा एकाच वेळी हातात धरणाऱ्यास तेही वाचवू शकत नाही. ही कामे परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावीत.

याखेरीज काही नियम घरोघर पाळले जावेत. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालू नये. तिने तारा तापून घरास आग लागते. कपडे वाळत घालण्यास लोखंडी तार न बांधता सुती वा नायलॉनची दोरी बांधावी. पत्र्याच्या घरात उतरलेली वीज अशा ओल्या तारेतून अंगणापर्यंत पोहोचते. पाणी तापविण्याचा रॉड चालू असता पाण्यात बोट घालू नये.

कोणी विजेस चिकटल्यास त्यास हात लावू नये. प्रथम मुख्य बटण बंद करावे. ते जमले नाही, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या काठीने तार दूर करावी. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्याचा प्रथमोपचार सुरू करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रस्त्यात तुटून पडलेल्या तारेजवळ मात्र मुळीच जाऊ नये. १९१२ वर कळवावे.

शिक्षकांनी मुलांस एक गृहपाठ द्यावा. काहीही न उघडता व न हाताळता, वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात : मुख्य बटण कोठे आहे, आर.सी.सी.बी. बसविले आहे काय, आणि कपड्यांची दोरी कशाची आहे. उत्तरे वहीत लिहून आणावीत. लोखंडी तार आढळल्यास ती त्याच आठवड्यात बदलून घेण्यास वडीलधाऱ्यांना सांगावे. त्यास खर्च दोरीपुरताच येतो.