वेबसाइट लॅपटॉपवर झकास, गावच्या फोनवर भकास? लारावेलमध्ये टेलविंड बसवताना या ५ गोष्टी तपासा

तालुक्याच्या गावी क्लास करून किंवा मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेली अनेक पोरं-पोरी आता बचत गटाची, डेअरीची, शेतकरी कंपनीची वेबसाइट स्वतः बनवू लागली आहेत. त्यात लारावेल आणि टेलविंड सीएसएस ही जोडी बरीच वापरली जाते. पण एक तक्रार हमखास ऐकू येते : "माझ्या लॅपटॉपवर मस्त दिसते, लोकांच्या फोनवर मात्र रंग नाही, बटण नाही, नुसता मजकूर." अशा वेळी दोष बहुतेकदा डिझाइनचा नसतो, सेटिंगचा असतो. तुम्ही स्वतः कोड लिहीत नसाल, पण पैसे देऊन साइट करून घेणार असाल, तरी हे वाचून ठेवा.

आधी टेलविंड म्हणजे काय ते बघू

लारावेल हा वेबसाइटचा सांगाडा. लॉगिन, ऑर्डर, माहिती साठवणं ही कामं तो सांभाळतो. टेलविंड दिसण्याचं काम बघतं. २०१७ मध्ये आलेल्या या फ्रेमवर्कमध्ये छोटे-छोटे तयार क्लास असतात. 'पी-४' लिहिलं की चारी बाजूंनी साधारण १६ पिक्सेल आतली जागा सुटते, 'टेक्स्ट-सेंटर' लिहिलं की मजकूर मधोमध येतो. वेगळी सीएसएस लिहीत बसायची गरज फारशी पडत नाही.

याचं काम किराणा दुकानासारखं चालतं. दुकानात माल भरपूर असतो, पण यादीत लिहिलं तेवढंच पिशवीत येतं. टेलविंड तुमच्या फाइली वाचतं आणि त्यात जे क्लास सापडले तेवढ्यांचीच सीएसएस तयार करतं. म्हणून फाइल लहान राहते आणि नेटवर्क कमी असलं तरी पान लवकर उघडतं. पण यादी नीट वाचता आली नाही, तर माल येणार कुठून?

१) व्हर्जन : गावातले फोन बघून ठरवा

टेलविंडचं ४ नंबरचं व्हर्जन जानेवारी २०२५ मध्ये आलं आणि लारावेल १२ च्या नव्या प्रोजेक्टमध्ये ते आधीच जोडलेलं असतं. मात्र त्याला क्रोम १११ किंवा त्यापुढचं लागतं. अँड्रॉइड ६ किंवा त्याहून जुन्या फोनवर ते क्रोम येतच नाही. तुमच्या गिऱ्हाइकांकडं असे जुने फोन असतील, तर व्हर्जन ३.४ वापरा. 'नवीन तेच चांगलं' असं इथं चालत नाही.

२) यादी कुठं आहे ते टेलविंडला सांगा

व्हर्जन ३ मध्ये 'टेलविंड डॉट कॉन्फिग' फाइलीत 'कंटेंट' या नावाखाली फाइलींचे पत्ते द्यावे लागतात. व्हर्जन ४ मध्ये हेच काम 'ॲप डॉट सीएसएस' फाइलीत 'ॲट-सोर्स' लिहून होतं. तुमची ब्लेड पानं त्यात आधीच धरलेली असतात. गडबड होते ती बाहेरचं पॅकेज घेतल्यावर. ते 'व्हेंडर' फोल्डरमध्ये जातं आणि टेलविंड तिथं आपणहून डोकावत नाही. त्याचा पत्ता वेगळा द्यावा लागतो.

३) क्लासचं नाव तोडू नका

'बीजी' एकीकडं, रंगाचं नाव व्हेरिएबलमधून दुसरीकडं आणि '६००' तिसरीकडं, असं जोडून क्लास बनवला तर टेलविंडला तो दिसत नाही. एका कागदावर 'तूर' आणि दुसऱ्यावर 'डाळ' लिहिल्यासारखं ते होतं. टेलविंड कोड चालवून बघत नाही, फक्त अक्षरं वाचतं. म्हणून 'बीजी-ग्रीन-६००', 'बीजी-रेड-६००' अशी पूर्ण नावं लिहा आणि त्यातलं कोणतं वापरायचं ते अट घालून ठरवा.

४) मराठीसाठी वेगळी काळजी

टेलविंडची मोजमापं इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहेत. 'टेक्स्ट-५एक्सएल' आणि त्यापुढच्या मोठ्या अक्षरांना ओळीची उंची अक्षराएवढीच मिळते. मराठी मथळा दोन ओळींत गेला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. त्यासाठी 'लीडिंग-स्नग' किंवा 'लीडिंग-नॉर्मल' जोडा. 'ट्रॅकिंग-वाइड' मात्र मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी दिसतात. फॉन्टसाठी 'ॲट-थीम'मध्ये मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी लिहा. नुसतं नाव लिहून भागत नाही, फॉन्टची फाइलही पानाला जोडावी लागते.

अजून एक गैरसमज : 'एसएम' म्हणजे छोटा फोन नव्हे. तो नियम ६४० पिक्सेल आणि त्याहून रुंद स्क्रीनला लागतो. फोनसाठीचा क्लास कोणताही उपसर्ग न लावता लिहायचा, मोठ्या स्क्रीनचा बदल नंतर जोडायचा.

५) साइट चढवण्याआधी बिल्ड करा

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. काम करताना आपण 'एनपीएम रन देव्ह' चालू ठेवतो. त्या वेळी 'पब्लिक' फोल्डरमध्ये 'हॉट' नावाची छोटी फाइल तयार होते. ती सर्व्हरवर गेली, तर साइट आपली सीएसएस तुमच्या लॅपटॉपवर चालू असलेल्या सर्व्हरकडून मागते. तुमच्याकडं तो सर्व्हर चालू असतो, म्हणून तुम्हाला सगळं छान दिसतं. बाकी कुणाच्याच फोनवर काही येत नाही!

म्हणून देव्ह बंद करा, 'हॉट' फाइल उरली असेल तर काढून टाका आणि 'एनपीएम रन बिल्ड' चालवा. तयार झालेलं 'पब्लिक' मधलं 'बिल्ड' फोल्डर सर्व्हरवर चढवा. स्वस्त होस्टिंगवर बऱ्याचदा नोड नसतं, त्यामुळं बिल्ड घरच्या लॅपटॉपवरच करून न्यावं लागतं. गिट वापरत असाल तर हे फोल्डर आपोआप जात नाही, तेही ध्यानात ठेवा.

शेवटची तपासणी

लॅपटॉप बंद करा. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडा. मथळा नीट वाचता येतो का, फोन लावायचं बटण दिसतं का, दाबलं जातं का, ते बघा. साइट पैसे देऊन करून घेतली असेल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी ही तपासणी स्वतःच्या हातानं करा. गिऱ्हाईक तुमचा लॅपटॉप बघायला येत नाही, त्याला त्याच्या फोनवर जे दिसतं तीच तुमची वेबसाइट.