जुने स्पीकर, नवा रिसीव्हर

घरात नवी वस्तू आली, की जुनी माळ्यावर जाते. माळा भरला, की ती भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. होम थिएटरच्या स्पीकरांचेही असेच होते. संचातला रिसीव्हर बिघडतो. मग त्याच्याबरोबर चांगले स्पीकरही भंगारात जातात. पण थांबा! रिसीव्हर बिघडला, म्हणजे स्पीकर बिघडले असे नाही.

स्पीकरची रचना साधी असते. त्यात एक चुंबक असते. चुंबकाजवळ बारीक तारेचे वेटोळे असते. ते वेटोळे कागदासारख्या हलक्या शंकूला चिकटवलेले असते. रिसीव्हरकडून वीज आली, की वेटोळे मागेपुढे हलते. त्याबरोबर शंकू हलतो, हवा हलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. अमेरिकेतील राइस आणि केलॉग या दोन इंजिनियरांनी १९२५ साली अशा स्पीकरची माहिती जगापुढे मांडली. आजचे बहुतेक स्पीकर याच रीतीने चालतात. म्हणून जुना स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडता येतो. मात्र त्याआधी काही गोष्टी पाहाव्या लागतात.

प्रथम शंकूची कड पाहा. ही कड पुष्कळदा फोमची असते. काही वर्षांनी फोमचा भुगा होतो. तसे झाले असेल, तर कारागिराकडून नवी कड बसवून घ्या.

मग स्पीकरच्या पाठीवरची पट्टी वाचा. तिच्यावर ओहमचा आकडा असतो. स्पीकर विजेला किती अडवतो, हे त्यावरून कळते. जॉर्ज ओहम हे जर्मनीतील एक शाळाशिक्षक होते. त्यांनी १८२७ साली विजेचा एक नियम प्रसिद्ध केला. दाब तोच ठेवला आणि रोध कमी केला, तर प्रवाह वाढतो, असे हा नियम सांगतो. समजा, दाब १२ व्होल्ट आहे. ८ ओहमच्या स्पीकरमधून दीड अँपिअर प्रवाह जाईल. ४ ओहमच्या स्पीकरमधून तीन अँपिअर जाईल. प्रवाह वाढला, की रिसीव्हर तापतो. तो मध्येच बंद पडतो किंवा जळतोही. यासाठी रिसीव्हरच्या मागे कमीत कमी किती ओहम चालतील, हे लिहिलेले असते. तुमच्या स्पीकरचा आकडा त्याहून लहान असेल, तर तो जोडू नका.

आता तारा पाहा. लाल तार लाल खुंटीला आणि काळी तार काळ्या खुंटीला जोडायची असते. एका स्पीकरची तार उलटी लागली, तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो. मग ढोलासारखे जाड आवाज पोकळ ऐकू येतात. तारांचे रंग ओळखू येत नसतील, तर एक युक्ती करा. स्पीकर रिसीव्हरपासून सुटा ठेवा. दीड व्होल्टचा सेल त्याच्या दोन तारांना क्षणभर लावा. शंकू बाहेर आला, तर सेलच्या धन टोकाकडची तार बहुतेक स्पीकरांत लाल समजावी. हा प्रयोग फक्त सेलवरच करा. घरातल्या विजेवर कधीही करू नका.

तारा जोडताना रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढा. तारेचे टोक साधारण एक सेंटिमीटर सोला आणि पीळ द्या. एकही सुटी तार शेजारच्या खुंटीला लागता कामा नये. सुरुवातीला आवाज अगदी कमी ठेवा.

संचातल्या मोठ्या वूफरची गोष्ट निराळी आहे. नवा रिसीव्हर बहुधा त्याच्यासाठी फक्त क्षीण संकेत पाठवतो. वूफरच्या पेटीत स्वतःचा अँप्लिफायर नसेल, तर तो वेगळा आणावा लागतो.

रिसीव्हर बदलतात, पण ओहम यांचा नियम बदललेला नाही. म्हणूनच जुन्या आणि नव्या वस्तूंची जोडी जमते. एखादी वस्तू भंगारात देण्यापूर्वी तिच्या पाठीवरची पट्टी एकदा वाचा. ती अजून कामाची असेल!

स्वाध्याय
१. स्पीकरमधून आवाज कसा निघतो?
२. दाब १२ व्होल्ट असताना ६ ओहमच्या स्पीकरमधून किती प्रवाह जाईल?
३. 'मागेपुढे' यासारखे आणखी तीन शब्द लिहा.
४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या पण उपयोगी वस्तूविषयी पाच वाक्ये लिहा.