भुजंगधारीतली स्फोटक जोडी
जूनमध्ये आभाळ मोकळे मिळाले, तर धाराशिवच्या माळावरून रात्री भुजंगधारी तारकासमूह दक्षिणेला उंचावर दिसतो. त्यातली आरएस ऑफियुकी ही सहजीवी ताऱ्यांची जोडी मात्र एरवी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिथला श्वेतबटू शेजारच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वायू ओढतो. पुरेसा साठला की स्फोट होतो. राक्षसी तारा तुलनेने थंड, म्हणून त्याचा बराच प्रकाश अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडचा. १२ फेब्रुवारी २००६ च्या स्फोटानंतर माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीने अवरक्त वर्णपट टिपले. त्यांतल्या हायड्रोजनच्या रेषा दिवसागणिक अरुंद होत गेल्या. रेषा अरुंद, म्हणजे वायूचा वेग कमी. राक्षसी ताऱ्याने आधीच सोडलेल्या वायूत स्फोटाची लाट मंदावत होती! इतक्या दुरून हे मोजता यावे, याचे मला फार अप्रूप वाटते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्या स्फोटाचे रेडिओ तरंग पकडले. पुढचा स्फोट ऑगस्ट २०२१ मध्ये झाला.