विश्लेषण : स्वस्त कोलेट नेमका कुठे महाग पडतो?

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे पट्ट्यातील अनेक गाळे एक-दोन लेथ आणि एका मिलिंग मशीनवर चालतात. राजोडीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात छोटे वर्कशॉप थाटायचे, तरी सुरुवात जुन्या मशीनने करता येते. पण कोलेट आणि टूल होल्डरवर चुकीची बचत झाली, तर कटर तुटतात, जॉब रिजेक्ट होतो आणि जॉबवर्कचा तुटपुंजा नफा त्यातच जातो.

कोलेट काय करतो?

कोलेट म्हणजे उभ्या चिरा दिलेली पोलादी नळी. नट आवळला की ती होल्डरच्या टेपरमध्ये दाबली जाते आणि कटरला चहूबाजूंनी सारखे पकडते. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७०च्या दशकात आणलेली ‘ईआर’ पद्धत आज जगभर रुळली आहे. एक ईआर कोलेट साधारण १ मिमीपर्यंत आवळतो. ईआर-१६मध्ये १० मिमी, तर ईआर-३२मध्ये २० मिमीपर्यंतचा शँक बसतो. ट्रॉबसारख्या ऑटोमॅट लेथवर मात्र बारच्या मापाचाच कोलेट लागतो.

रनआउटने नुकसान कसे होते?

समजा, दोन धारांच्या एंड मिलला प्रत्येक धारेमागे ०.०२ मिमी फीड दिला आहे. कटरच्या टोकाला रनआउटही ०.०२ मिमी असेल, तर एक धार ०.०४ मिमी कापते आणि दुसरी नुसती फिरते. म्हणजे पैसे दोन धारांचे, काम एकीचे. ती धार लवकर बोथट होते. बारीक कार्बाइड कटर तर थेट तुटतो.

खरेदीआधी काय पाहावे?

आधी स्पिंडलचा टेपर ओळखावा : मोर्स, आर-८, बीटी-३० की बीटी-४०. आर-८ होल्डरचे आटे इंचाचे आहेत की मिलिमीटरचे, हे ड्रॉबारशी जुळवून पाहावे. बीटी होल्डरसाठी पुल स्टडचा कोन मशीनप्रमाणेच हवा. त्यानंतर स्पिंडलच्या टेपरला आतून डायल लावावा. तिथेच रनआउट असेल, तर महागडा कोलेटही तो घालवू शकत नाही.

बचत कुठे करावी?

१८ नगांचा पूर्ण सेट घेण्याची गरज नाही. ६, ८, १०, १२ आणि १६ मिमी हे नेहमीच्या एंड मिलचे शँक. एवढेच पाच कोलेट चांगल्या प्रतीचे घ्यावेत, ड्रिलसाठी साधे चालतात. ६ मिमीचा कटर ७ मिमीच्या कोलेटमध्ये आवळता येतो, पण पकड कमजोर होते. नट आणि होल्डरवर मात्र काटकसर नको. नट वाकडा बसला, तर उत्तम कोलेटही तिरका होतो.

लेथवर आधी टूल पोस्टमध्ये मावणारी शँकची उंची मोजावी. डब्ल्यूएनएमजी इन्सर्टला सहा धारा, सीएनएमजीला ८० अंशांच्या कोपऱ्यांवर चार. धारेमागचा खर्च त्यांत कमी पडतो. मात्र कमी ताकदीच्या लेथवर दोनच धारांचा सीसीएमटी हलका कापतो आणि थरथर कमी होते.

दर्जा कसा तपासावा?

कोलेट आधी नटमध्ये ‘टक’ करून बसवावा, मगच होल्डरमध्ये घालावा. त्यात १० मिमीची ग्राउंड पिन धरून तोंडापासून ३० मिमीवर डायल लावावा. हाताने फिरवताना काटा ०.०१ मिमीच्या एका घरात राहिला, तर बहुतेक कामांना पुरेसे. शक्य असल्यास ही चाचणी दुकानदाराकडून बदलीची हमी घेऊन करावी.

किनाऱ्याजवळ वेगळी काळजी कोणती?

खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे पोलादावर लवकर गंज चढतो. टेपरवर गंजाचे ठिपके पडले की कोलेट नीट बसत नाही. म्हणून काम संपताच चिरांतील बुरादा काढावा, तेलाचा हात फिरवावा आणि कोलेट बंद डब्यात ठेवावेत. या सवयीला खर्च जवळपास नाही, पण घेतलेला चांगला कोलेट टिकतो तो तिच्यामुळेच.