कात्रीला नकार

जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा ‘नौसिका’ हा चित्रपट १९८४ साली जपानमध्ये झळकला. अमेरिकी वितरकाने मात्र त्याला वीसेक मिनिटांची कात्री लावली, पात्रांची नावे बदलली आणि १९८५मध्ये ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ म्हणून तो दाखवला.

तो घाव मियाझाकी विसरले नाहीत.

१९९६मध्ये त्यांच्या जिब्ली स्टुडिओच्या चित्रपटांसाठी डिस्नेशी वितरणाचा करार झाला, तो काटछाट न करण्याच्या अटीवरच. ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या वेळी निर्माते तोशियो सुझुकी यांनी डिस्नेच्याच मिरामॅक्स कंपनीच्या प्रमुखाला हाच निरोप चक्क सामुराई तलवारीसोबत पोहोचवला. १९९९मध्ये अमेरिकी प्रेक्षकांना चित्रपट अखंड पाहायला मिळाला.

मियाझाकींच्याच ‘स्पिरिटेड अवे’ने २००३च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर पटकावले. २०२०मध्ये जिब्लीचे बहुतेक चित्रपट भारतासह अनेक देशांत नेटफ्लिक्सवर दाखल झाले.